चर्चच्या आवारातील प्राथमिक शाळा: एका पालकाचा अभिप्राय

गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आमच्या गावात चर्चला लागून पहिली ते चौथीपर्यंतची एक छोटी अनुदानित शाळा आहे. माध्यम इंग्रजी. माझी मुलगी तिथे चौथी पूर्ण करून हायस्कूलला गेली आणि धाकटा मुलगा आता तिसरीत आहे. आमच्या घरी बोलणे कोकणीत आणि वाचणे मराठीत असते. अशा घरातील मुलाला ही शाळा कितपत मानवते, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

शाळेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे प्रत्येक मुलाकडे जाणारे शिक्षिकेचे लक्ष. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले आहे. इथे वर्ग त्याहूनही लहान असतात, त्यामुळे प्रत्येक मूल रोज टीचरच्या टेबलाजवळ उभे राहून चार ओळी तरी मोठ्याने वाचते आणि अडखळलेला शब्द त्याच दिवशी दुरुस्त होतो. दुसरी संपेपर्यंत माझ्या दोन्ही मुलांना अनोळखी उतारा न घाबरता वाचता येऊ लागला, याचे श्रेय मी पूर्णपणे शाळेला देतो.

वाचलेले समजते का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीस मुलाला आकलनासह वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आहे. या कसोटीवर शाळा मला कमी पडलेली दिसते. मुलगा धडा घडाघडा वाचतो, पण गोष्टीतला माणूस का रागावला असे विचारले की तो गप्प होतो, आणि तोच प्रश्न कोकणीत विचारला की लगेच नेमके उत्तर देतो. म्हणजे समज आहे, तिला पोहोचायला वाट मिळत नाही. प्रश्नोत्तरे फळ्यावरून उतरवून पाठ करण्याची पद्धत या उणिवेवर पांघरूण घालते आणि परीक्षेतील गुण पालकांना निश्चिंत करतात. गणितातही बेरीज-वजाबाकी पक्की असते, परंतु शाब्दिक उदाहरण आले की मुले भाषेपाशीच अडतात.

याला इतिहासही आहे. गोवा सरकारच्या १९९०च्या धोरणानुसार कोकणी किंवा मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाच अनुदान मिळू लागले, तेव्हा चर्चच्या शाळांनी मोठ्या संख्येने कोकणी माध्यम स्वीकारले. २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान देण्याचा निर्णय झाल्यावर त्या पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. त्या निर्णयावर गोव्यात केवढे आंदोलन झाले ते सर्वांना आठवत असेलच. माध्यमाचा वाद मला इथे उकरायचा नाही, पण एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते: कोकणी माध्यमाच्या काळात शिकवलेल्या ज्येष्ठ शिक्षिका आधी गोष्ट कोकणीत सांगून मग पुस्तक उघडतात, आणि त्यांच्या वर्गातील मुले इंग्रजीतही अधिक मोकळेपणाने बोलतात. नव्या शिक्षिकांनी त्यांच्याकडून हे आवर्जून शिकावे.

मराठी विषय इथे नाही. भारतीय भाषा म्हणून देवनागरीतील कोकणी शिकवली जाते. चर्चमध्ये रोमी, म्हणजे रोमन लिपीतील कोकणी प्रार्थना वाचणारी कॅथलिक मुले आणि आमची मुले त्या एका तासाला एकाच पुस्तकावर बसतात, ही मला मोलाची गोष्ट वाटते. देवनागरी पक्की झाल्यामुळे मुलीने मराठी वर्तमानपत्र घरीच वाचायला घेतले, मात्र त्यासाठी आम्हाला रोज तिच्याजवळ बसावे लागले. ज्या घरी तेवढा वेळ नाही, तिथे मराठी मागे पडेल हे उघड आहे.

धर्मशिक्षणाविषयी अनेक हिंदू पालक दबक्या आवाजात विचारतात. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणात सहभागी करता येत नाही, आणि इथे ते मनापासून पाळले जाते. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास चालू असताना बाकीच्यांसाठी मूल्यशिक्षण असते. संगीताचा तास मात्र सर्वांना एकत्र असतो. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांनी जपलेली स्वरलेखन (संगीताचे नोटेशन) वाचण्याची परंपरा इथे अजून थोडी शिल्लक आहे, आणि तालाला लाजणारा माझा मुलगा आता समूहगानात ठामपणे उभा राहतो.

स्वच्छतागृहे स्वच्छ आहेत, मैदान पुरेसे आहे, बालरथ, म्हणजे सरकारी योजनेतील शाळेची बस, मात्र नाही. खटकणारी गोष्ट म्हणजे पुस्तकांचे कपाट वर्षभर कुलूपबंद असते. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत आम्ही ते आठवड्यातून एकदा तरी उघडावे आणि त्यात कोकणी-मराठी गोष्टींची पुस्तके ठेवावीत अशी मागणी केली. व्यवस्थापक फादरनी ती मान्य केली आहे; पुस्तके आम्ही पालक देणार आहोत, आणि मुलांना ती घरी नेऊ द्यावीत, हा आमचा आग्रह कायम आहे.