जवस: एकदम दळून ठेवावं की लागेल तसं दळावं?

जवस (कोणाकडे अळशी म्हणतात) घरात आलं की पहिला प्रश्न दळण्याचाच पडतो. अर्धा किलो एकदम मिक्सरमधून काढून डबा भरून ठेवावा, अख्खं ठेवून लागेल तसं दळावं, की सरळ तयार पूड आणावी? माझं मत आधीच सांगते: अख्खं साठवा आणि आठवड्यापुरतंच दळा. पण प्रत्येक घराची घडी वेगळी असते, म्हणून बाकीचे पर्यायही तोलून बघू.

दळायचं का, हे आधी. जवसाचं टरफल गुळगुळीत आणि चिवट असतं. नीट चावलं गेलं नाही तर दाणा तसाच्या तसा पोटातून बाहेर पडतो. अशा वेळी पोट साफ व्हायला मदत होईल, पण आतलं तेल आणि लिग्नन (वनस्पतींमधला एक उपयुक्त घटक) अंगी लागायचे असतील तर दाणा फुटायलाच हवा. मुखवास म्हणून जेवणानंतर चिमूटभर अख्खं जवस खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता दुसरी बाजू. जवसात वजनाच्या साधारण ४० टक्के तेल असतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त ओमेगा-३ जातीचं. हवा लागताच हे तेल बदलायला लागतं. ऑइलपेंटमध्ये आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये जवसाचं तेल वापरतात ते याच गुणामुळे, कारण हवेत ते सुकून घट्ट होतं. रंगाला जे हवं तेच आपल्या डब्यात नको असतं. अख्ख्या दाण्यात टरफल या तेलाला राखतं. दळलं की ते राखण गेलं.

म्हणून साठवणुकीत अख्खं जवस सरळ पुढे आहे. निवडून, उन्हात खडखडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बरणीत अंधाऱ्या जागी ठेवलं तर वर्षभर टिकतं. जवस रब्बीचं पीक. पूर्व विदर्भात ते धानाच्या उभ्या पिकातच उतेरा म्हणून फेकून पेरतात. नवा माल फेब्रुवारी-मार्चपासून बाजारात यायला लागतो, तेव्हा वर्षाचं जवस भरायला उन्हाळा उत्तम.

पूड मात्र ओट्यावर ठेवू नये. गॅसची धग, उजेड आणि दर वेळी उघडणारं झाकण, या तिन्हींनी ती बिघडते. फ्रिजमध्ये काचेच्या घट्ट बरणीत ती काही आठवडे चांगली राहते, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने. फ्रीजरमधला मोठा डबा रोज बाहेर काढला तर आत दव धरतं आणि पुडीचे खडे होतात. त्यापेक्षा लहान लहान पुड्या करून ठेवाव्यात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर ओल्या चमच्याचा एक थेंबही पुरतो. पूड बिघडली का हे तारखेवरून नव्हे, नाकाने ठरवा. ताज्या पुडीला खमंग, किंचित गोडसर वास असतो. खवट झालेली जिभेवर कडू लागते आणि वासाला चक्क नव्या रंगवलेल्या दारासारखी येते. अशी पूड पिठात मिसळून संपवू नका, टाकून द्या.

कच्चं दळावं की भाजून? मी भाजूनच दळते. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारे घटक अल्प प्रमाणात असतात. एक-दोन चमच्यांनी निरोगी मोठ्या माणसाला त्रास होत नाही, पण भाजल्याने ते कमी होतात. शिवाय भाजलेलं जवस कुरकुरीत होऊन पटकन दळलं जातं. जाड बुडाची कढई, मंद आच; दाणे तडतडायला लागले, खमंग वास सुटला की लगेच ताटात काढून पसरायचे. काळपट होऊ द्यायचे नाहीत. पूर्ण गार झाल्यावरच दळायचं, नाहीतर वाफ धरते आणि भांड्याच्या तळाशी गोळा बसतो. मिक्सरचं चटणीचं लहान भांडं अर्ध्याहून कमी भरायचं आणि थांबत थांबत फिरवायचं. सलग फिरवलं की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पूड चिकट होते. दोन चमच्यांपुरतं असेल तर खलबत्ता मिक्सरपेक्षा बरा. गिरणीत मात्र नेऊ नका. तेलकट दाण्याने जातं माखतं.

बाजारची तयार पूड सोयीची खरी, पण ती कधी दळली हे पाकिटावर असेल आणि पाकीट अपारदर्शक असेल तरच घ्यावी, तीही लहान. जवसाच्या तेलात ओमेगा-३ भरपूर मिळतं, पण फायबर त्यात नसतं आणि लिग्ननही जवळजवळ नाहीच. ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि फोडणीला चालत नाही. पूर्ण फायद्यासाठी दाणाच घ्यावा.

ज्यांना रोज आठवणीने चमचाभर पूड घेणं जमत नाही, त्यांच्यासाठी विदर्भ-मराठवाड्याची जवसाची चटणी हा मला सगळ्यात टिकाऊ मार्ग वाटतो: भाजलेलं जवस, सुकी मिरची, जिरं, लसूण, मीठ. भाकरीबरोबर ती आपसूक पोटात जाते. लसूण घातलेली चटणी थोडी थोडीच करावी आणि रक्तदाब असेल तर मीठ हात राखून घालावं.

प्रमाण रोज एक ते दोन मोठे चमचे. एका चमच्यात (साधारण ७ ग्रॅम) दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ आणि जवळपास २ ग्रॅम फायबर मिळतं. यातलं थोडंच ओमेगा-३ शरीरात माशांमधल्या प्रकारात बदलतं, त्यामुळे मासे खाणाऱ्यांनी ते सोडू नयेत. सुरुवात अर्ध्या चमच्याने करा आणि वर पाणी भरपूर प्या, कारण जवस पाणी शोषून फुगतं. औषधं आणि जवस यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.