हीट पंप गच्चीवर की मागच्या पडवीत?

साताऱ्यातील एका स्नेह्यांना, पाणी तापवण्याचा हीट पंप गच्चीवर बसवावा की मागच्या पडवीत, हा प्रश्न पडला आहे. हे यंत्र हवेतली उष्णता ओढून पाण्याला देते; कोंडलेल्या जागेत तीच गार झालेली हवा फिरत राहते आणि वीज जास्त लागते, म्हणून या कसोटीवर गच्ची सरस. मात्र तिथून न्हाणीघरापर्यंतच्या लांब नळीत पाणी निवते, शिवाय पावसासाठी छपराचा खर्च येतो. पडवीत नळी आखूड आणि दुरुस्ती सोपी. आवाज तेवढा झोपायच्या खोलीजवळ खुपतो. काम हिवाळ्याआधी उरकावे आणि पाणी, पहाटेच्या गारठ्यात नव्हे, दुपारीच तापवून ठेवावे. वरच्या मजल्यावर न्हाणीघर असल्यास गच्ची, तळमजल्यावर राहणाऱ्या वृद्ध जोडप्याला मात्र तिन्ही बाजूंनी उघडी पडवीच सोयीची.