आरसीसीबी बसवून नऊ महिने झाले, आमचा अनुभव

आमची डोंबिवलीतली बिल्डिंग 1996 ची, वायरिंग बरचसं तेव्हाचंच. फेब्रुवारीत सासूबाई म्हणाल्या की गिझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. मला आधी वाटलं थंडीमुळे असेल, पण मी ओल्या हाताने नळ धरला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. त्याच दिवशी गिझर बंद केला आणि ओळखीच्या वायरमन दादांना बोलावलं.

ते म्हणाले ताई, तुमच्याकडे नुसते एमसीबी (आपोआप पडणारे, म्हणजे बंद होणारे छोटे स्विच) आहेत, ईएलसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाईट तोडणारा स्विच, नाहीये. दुकानात आता जे मिळतं ते आरसीसीबी, पण बोलताना सगळे अजून ईएलसीबीच म्हणतात. एमसीबी असताना हे कशाला, हा माझाही प्रश्न होता. तर एमसीबी पडतो तो जास्त लोड आला किंवा शॉर्ट झालं तर. माणसाच्या अंगातून करंट जातोय हे त्याला कळतच नाही, कारण 16 अँपियरच्या एमसीबीला माणसाचा जीव घेणारा करंट म्हणजे काहीच नाही. आरसीसीबी फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का ते बघतो, फरक 30 मिलीअँपियरपर्यंत गेला की पडतो, तेही सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. आम्ही 40 अँपियर, 2 पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), 30 मिलीअँपियरचा घेतला. 100 आणि 300 वाले पण मिळतात पण ते मुख्यतः आगीपासून बचावासाठी असतात, माणसासाठी 30 चाच घ्या, दुकानदार काहीही म्हणू दे.

आता खरी गोष्ट. आरसीसीबी बसवला, गिझर लावला, तरी तो पडलाच नाही! मी म्हटलं दादा हा खराब आहे. त्यांनी गिझरचा बोर्ड उघडला तर आत अर्थिंगची हिरवी वायर नुसती दुमडून ठेवलेली, पिनच्या मोठ्या भोकाला जोडलेलीच नव्हती, म्हणजे इतकी वर्षं तीन पिनचा प्लग फक्त नावाला. करंट टाकीवर येत होता पण त्याला जमिनीत जायला नीट वाट नव्हती, आमच्या अंगातून थोडासाच जात होता आणि 30 ला पोचत नव्हता. दादांनी वायर जोडली, स्विच टाकला आणि खट्! लगेच पडला. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या म्हणजे मला खरंच करंट लागत होता. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आठवडाभर त्या सांगत होत्या आणि मी थंडीचं कारण देत होते.

गिझरचा एलिमेंट काढला तर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आणि वरची नळी चिरलेली. नवीन टाकला, त्यानंतर पडला नाही.

पण पहिले दोन आठवडे दुसरा त्रास झाला, लाईट जाऊन आली की हा पडायचा. कारण इन्व्हर्टर. इन्व्हर्टर लावणाऱ्याने त्याच्या लाईनीचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलशीच एकत्र केलेला, त्यामुळे करंट एका वाटेने जाणार आणि दुसऱ्या वाटेने परतणार, आरसीसीबीला ते लीकेजच वाटणार. तो न्यूट्रल वेगळा करायला अर्धा दिवस गेला. इथेच बरेच लोक कंटाळून बायपास करून टाकतात, आमच्या मजल्यावरच एकांनी केलंय, मी दोनदा सांगून आले. प्लीज करू नका, तो पडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय.

जुलैत जोराच्या पावसात दोन वेळा पडला. सगळे एमसीबी खाली करून एकेक वर केला तेव्हा बाल्कनीच्या सॉकेटवर सापडला, आत पाणी गेलेलं. झाकणवाला सॉकेट बसवला.

खटकणारी गोष्ट एकच, अख्ख्या घराला एकच असल्यामुळे पडला की सगळंच बंद. गणपतीत आम्ही गावी होतो, मागे कधीतरी पडला आणि फ्रीजमधलं सगळं गेलं. आता फ्रीजला वेगळा आरसीबीओ घेणार आहे, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही एकत्र असतात.

त्याच्यावर टी लिहिलेलं बटण असतं, ते मी दर एक तारखेला दाबते. दाबल्यावर पडला पाहिजे, नाही पडला तर बदलायचा. पण त्या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वायरमनकडून वेगळं बघून घ्या, सॉकेट उघडून. आणि एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर हाही वाचवत नाही, कारण त्याच्या हिशोबाने करंट बरोबर परत येतोय, म्हणून बोर्ड उघडायचा तर मेन बंद करूनच.

खर्च वायरमनच्या मजुरीसकट साडेतीन हजार, एलिमेंट वेगळा. सासूबाई आता नळ धरायच्या आधी विचारत नाहीत.