जिच्यावर बसून काहीच करता येत नाही अशी खुर्ची

या खुर्चीवर बसून लॅपटॉप चालवता येत नाही. कपड्यांच्या घड्या घालता येत नाहीत. मांडीवर वही घेऊन हिशेब लिहायला गेलं तर वही घसरून पोटावर येते. माझ्या मते ही खुर्ची घ्यायचं सगळ्यात मोठं कारण हेच.

वस्तू साधीच आहे. घडीची, लाकडी चौकटीची, कॅनव्हासची आरामखुर्ची. दोन चौकटी बोल्टने एकमेकींत अडकवलेल्या आणि मागे टेकूची तिसरी, लहान. हा टेकू खालच्या पट्टीवरच्या तीनपैकी एका खाचेत बसतो. पुढची खाच घेतली तर जरा ताठ, मागची घेतली तर जवळजवळ आडवं. कापडाच्या दोन्ही टोकांना नेफा शिवलेला आहे, त्यातून दांडा सरकवायचा आणि दांडा चौकटीत अडकवायचा. हात नाहीत, गादी नाही, चाकं नाहीत. लाकडाला पॉलिश बरं आहे, पण खाचांच्या आतल्या बाजूला पॉलिश पोचलेलंच नाही. तिथे बोट फिरवलं तर कुसळ लागतं. पॉलिश-पेपर मारून घ्या.

आधी मी रिक्लायनर बघायला गेले होते. दुकानातला मुलगा कौतुकाने एकेक दाखवत होता. “मॅडम, इथे फोन चार्जिंगला लागतो. कप इथे राहतो. आणि हे टेबल असं फिरून पुढे येतं, म्हणजे आरामात काम करता येईल.” खुर्ची सुरेख होती, खोटं कशाला बोला. पण आरामात काम मी रोजच करते. मी घरून मुद्रितशोधन करते. एका पुस्तकाची पानं गेली की दुसऱ्याची येऊन पडतात आणि ऑफिस सुटणं हा प्रकार माझ्या दिवसात नाही. मला अशी जागा हवी होती जिथे काम बसायला आलं तर त्याला जागाच मिळणार नाही.

दुपारी पाठ टेकली की आतून कुणीतरी विचारतं, “सगळं आवरलं का?” आवरलेलं कधीच नसतं. मग बसल्या बसल्या एवढं करू, तेवढं करू असं सुरू होतं आणि बसणं नावापुरतंच उरतं. खुर्ची आली तेव्हा मी भरदुपारी तिच्यात पडलेली दिसले, तर आईने पहिला प्रश्न विचारला, “बरं नाही का गं?”

“बरंय की.”

“मग?”

या ‘मग?’ला उत्तर नाही. धडधाकट माणसाने दिवसाढवळ्या पडायचं तर डोकेदुखी तरी दाखवावी लागते. मी पूर्वी दाखवायचे. पाय चेपत बसायचं, म्हणजे बसल्याचं कारण दिसतं.

ही खुर्ची इथे उपयोगी पडते ती तिच्या गैरसोयीमुळे. कापडाची झोळी खोल आहे, बूड गुडघ्यांच्या खाली जातं. उठायचं तर आधी पाय जमिनीवर नीट रोवायचे, दोन्ही हातांनी चौकट धरायची आणि अंग पुढे टाकायचं. बाकी कुठल्याही खुर्चीवरून मी विचार करायच्या आत उठलेली असते. पडदा वाकडा दिसला, ऊठ. कपाटाचं दार अर्धवट उघडं, ऊठ. इथून उठायचं तर आधी ठरवावं लागतं, आणि ठरवायला गेलं की लक्षात येतं, कपाटाचं दार उघडं राहिलं म्हणून काही बिघडत नाही. बेल वाजली तर उठते. पूर्वी बेल वाजायच्या आधीच उठलेली असायचे.

सुरुवातीला हात चुळबुळ करतात, हे सांगून ठेवते. डोक्यात राहिलेल्या कामांची रांग लागते. यावर जुनं संशोधन आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 मध्ये मांडलं होतं, की पुरी झालेली कामं मन सोडून देतं आणि मध्येच तुटलेली धरून ठेवतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढे करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली. तो प्रयोग रात्रीच्या झोपेवरचा होता, पण मला दुपारीही लागू पडला. खुर्चीशेजारी जमिनीवर एक कागद नि पेन्सिल असते. बसण्यापूर्वी जे टोचतंय ते लिहून टाकते. “पान 112, तळटीप तपासणे. गॅसवाल्याला फोन.” कागदावर उतरलं की ते माझ्या मागे लागत नाही. बसल्यावर आठवलेलं लिहायचं नाही मात्र, कारण त्यासाठी वाकावं लागतं आणि या खुर्चीतून वाकणं हा व्यायामच आहे.

दुसरी युक्ती एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांची. स्नायू आधी मुद्दाम आवळायचे आणि मग सोडायचे, म्हणजे सैल होणं म्हणजे काय ते शरीराला कळतं, ही त्यांची पद्धत. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1929 मध्ये आलं. मी मुठी, खांदे, जबडा, पोटऱ्या असं खाली खाली जाते. माझा जबडा दिवसभर आवळलेला असतो हे मला या खुर्चीत कळलं. बहुधा चुकीचे ऱ्हस्व-दीर्घ वाचून वाचून.

आईला पटवण्यासाठी मी वैमानिकांचा दाखला काढला होता. नासाने लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांवर अभ्यास केला. त्यांना उड्डाणाच्या मधल्या शांत टप्प्यात आळीपाळीने 40 मिनिटं झोपायची मुभा दिली. सरासरी झोप झाली 26 मिनिटं, आणि ते न झोपलेल्यांपेक्षा पुढे अधिक सावध राहिले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू कुठे विमान चालवतेस?”

ती थट्टेत म्हणाली, पण नेमकं बोट ठेवलं. तेव्हापासून मी हा दाखला देत नाही. विश्रांतीने काम सुधारतं हे खरं आहे, पण तेवढ्याचसाठी बसायचं म्हटलं की बसणंही कामाच्या खात्यावरच गेलं. मग उठल्यावर काम सुधारलं नाही तर? त्याचा पुन्हा अपराधीपणा. संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चोविसावं कलम विश्रांतीच्या आणि मोकळ्या वेळेच्या हक्काचं आहे. प्रत्येकाला, एवढंच. ‘काम सुधारावे म्हणून’ अशी पुस्ती त्याला जोडलेली नाही. पुस्त्या शोधणं हा माझा धंदा असल्याने मी ते नीट वाचून पाहिलं.

याच कारणासाठी मनगटावरचं घड्याळही काढून ठेवते. ते हालचाल आणि नाडी मोजून अंदाज बांधतं. स्वस्थ जागी पडलेल्या माणसाला पुष्कळदा झोपलेलं समजतं आणि वर गुण देतं. मला विश्रांतीत पहिला नंबर नको आहे.

आता तक्रारी. कॅनव्हास सुती आहे, तो ताणतो. नवीन असताना झोळी बरोबर उंचीवर असते, मग हळूहळू खाली येते आणि एक दिवस आडवी पट्टी ढुंगणाला लागते. तेव्हा दांड्याला कापडाचा एक वेढा द्यायचा, काम भागतं. मानेला आधार अजिबात नाही, टॉवेलची गुंडाळी करून ठेवावी लागते. पुढचा दांडा गुडघ्यामागे दाबतो, त्यामुळे पायाखाली ठेंगणं स्टूल हवंच. ते वेगळं घ्यावं लागतं आणि विकणारे हे सांगत नाहीत. घडी करताना दोन चौकटींमध्ये बोट सापडेल अशी जागा आहे. घरात लहान मूल असेल तर खुर्ची उघडी ठेवा किंवा त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, मधल्या अवस्थेत सोडू नका. आणि डुलकीसाठी ठीक असली तरी लांब झोपेसाठी ही नव्हे. पाठीचा कणा कमानीत राहतो, तासाभराने उठलं तर कंबर हिशेब मागते. मी वीस मिनिटांचा गजर लावते. त्यापुढे गाढ झोप लागली तर मधूनच उठताना डोकं जड होतं, आणि जड डोक्याने या खुर्चीतून उठून दाखवा.

गुडघे-खुबे दुखत असतील, गरोदर असाल, कमरेचं दुखणं असेल तर घेऊ नका. आईला मी हिच्यात बसू देत नाही. तिच्यासाठी साधी हातांची खुर्ची शेजारी ठेवली. तिथेही ती काहीतरी निवडत, शिवत, उसवत बसायची. हल्ली कधी कधी नुसतीच बसते. मी विचारत नाही.

ज्यांनी ही विकली त्यांच्याबद्दल थोडक्यात: पेटीत एक वॉशर कमी होतं. कळवल्यावर आधी बिल मागितलं, मग फोटो मागितला. नसलेल्या वॉशरचा फोटो कसा काढायचा ते सांगितलं नाही. शेवटी पाठवलं. जोडणीच्या पत्रकात “टेकू काचेत घट्ट बसवा” असं छापलंय. खाचेत बसवा.

पाचपैकी चार तारे. कापड दोनेक वर्षांत विरतं असं दिसतं, कडांना माझं आत्ताच उसवू लागलंय. जास्तीचं कापड मागवताना नेफ्यांमधलं अंतर मोजून कळवा, नुसती लांबी सांगितली तर ते शिवणीसकट धरतात आणि झोळी आखूड येते. आणि सुती कापड आटतं. शिवणाऱ्याकडून करून घेणार असाल तर आधी भिजवून, वाळवून मगच मापाला द्या.