ईएन२४ स्टीलचा राउंड बार: दोन सीझन वापरून मग लिहितोय

आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं वर्कशॉप, दोन लेथ एक मिलिंग, काम जास्त करून गुऱ्हाळाच्या घाण्यांचं. घाण्याचा मेन शाफ्ट आधी ईएन८ मध्येच (साधं कार्बन स्टील) करायचो, स्वस्त पडतो आणि कुठंपण मिळतो, पण एका गिऱ्हाइकाचा शाफ्ट ऐन हंगामात दोनदा तुटला आणि दोन्ही वेळा की-वेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यातूनच. तुटलेलं तोंड बघितलं तर निम्मं गुळगुळीत, शिंपल्यासारख्या रेषा, म्हणजे चीर हळूहळू वाढत गेलेली आणि एक दिवस ऊस जरा जादा गेला की खटॅक!

मग ७५ एमएमचा ईएन२४ बार घेतला, टी कंडिशनचा, म्हणजे मिलमधूनच हार्डनिंग-टेम्परिंग (तापवून कडक करून परत थोडं तापवून चिवट करणं) होऊन आलेला. टेन्साइल, म्हणजे ओढून तुटायची ताकद, ८५० ते १००० एमपीए, नॉर्मलाइज्ड ईएन८ चं ५५० धरा. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, खरी गंमत निकेलची आहे. साधारण दीड टक्का निकेल, टक्काभर क्रोमियम आणि थोडं मॉलिब्डेनम, त्यामुळं जाड बारलापण हार्डनिंग आतपर्यंत पोचतं, ईएन८ चं नुसतं वरचं साल कडक होतं आणि आत मऊच. वर झटका बसला तर हा सहन करतो, काचेसारखा तडकत नाही.

आता तक्रार. पहिला लॉट घेतला तो ईएन२४ नव्हताच! टीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) सोबत होतं, हीट नंबरपण (वितळवलेल्या लॉटचा नंबर) छापलेला, पण ग्राइंडरच्या स्पार्कवर मला शंका आली म्हणून तुकडा स्पेक्ट्रोला (कुठला धातू किती ते सांगणारी टेस्ट) दिला तर निकेल नावालापण नाही, सरळ सरळ ईएन१९, दुसराच ग्रेड. व्यापाऱ्याचं नाव नाही लिहीत, बार बदलून दिला त्यानं, पण माझे चार दिवस गेलेच की. लेथवर दोन्ही सारखेच वाटतात, त्यामुळं टेस्टचे पैसे वाचवू नका. वजनपण स्वतः काढा, व्यास एमएममध्ये धरून त्याचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो, ७५ ला पावणेपस्तीस किलोच्या आसपास येतं.

मशीनिंगला त्रास आहे पण फार नाही, हार्डनेस २४८ ते ३०२ ब्रिनेल, कार्बाइड इन्सर्ट लावा आणि स्पीड कमी ठेवा. एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) ड्रिलनं आमच्या पोराचा जीव काढला. वेल्डिंग मात्र शक्यतो टाळाच. शेजारच्यानं प्रीहीट न करता (आधी न तापवता) कॉलर मारली, दुसऱ्या दिवशी वेल्डच्या कडेला केसाएवढी चीर. गंजतोपण साध्या लोखंडासारखाच, क्रोमियम आहे म्हणून स्टेनलेस समजू नका, उसाचा रस लागला की तांबूस होतो, ग्रीस मारून ठेवावं लागतं.

अजून एक, बरेच जण शाफ्ट वाकतोय म्हणून ईएन२४ मागतात. चालू लोडला शाफ्ट लवत असेल आणि लोड काढला की सरळ होत असेल तर ईएन८ काय आणि ईएन२४ काय, तेवढाच लवणार, स्टीलचा ताठपणा ग्रेडनं बदलत नाही, व्यास वाढवा नाहीतर बेअरिंग जवळ घ्या. कायमचा वाकून बसत असेल किंवा तुटत असेल तरच हे पैसे सार्थकी लागतात. साध्या पिना, स्पेसर, स्टँड असल्या कामाला हा घेणं म्हणजे उगाच खर्च. गिअर, एक्सल, जाड बोल्ट, झटका खाणारे शाफ्ट, तिथं डोळे झाकून घ्या (टेस्ट करून!). विमानाच्या लँडिंग गिअरला जे ३००एम स्टील वापरतात ते याच जातीच्या ४३४० (अमेरिकन ग्रेड) मध्ये सिलिकॉन वाढवून, व्हॅनेडियम घालून केलेलं, आमच्या घाण्याला एवढं कशाला लागतंय म्हणा.

की-वेच्या कोपऱ्याला यावेळी रेडियसपण (गोलाई) दिली, त्यामुळं सगळं श्रेय स्टीललाच देत नाही. पण दोन हंगाम झाले, शाफ्ट तसाच आहे. पाचातले साडेचार, अर्धा कापला तो भावाबद्दल. उरलेल्या तुकड्याचा बेअरिंग काढायचा ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) बनवलाय, रोज घणाचे मार खातोय बिचारा, टोक अजून पसरलेलं नाही.