बॅकहोचे होज पाइप आणि सील किट: एका हंगामाच्या वापरानंतर

आमचा बॅकहो लोडर कराड-वाळवा पट्ट्यात चालतो. पाणंद रस्ते, मुरूम, शेतातले चर, अधूनमधून विहिरीचा गाळ. दिवाळीनंतर बूमचे (मागच्या मोठ्या हाताचे) सगळे होज पाइप, म्हणजे प्रेशरचं ऑइल नेणारे रबरी पाइप, आणि बूम, डिपर (बूमच्या पुढचा हात) व बकेट अशा तिन्ही जॅकचे सील किट (ऑइल अडवणाऱ्या रिंगांचा संच) एकदमच बदलले. त्यावर पावसाळ्यापर्यंत रगडून काम झालं, म्हणून आता खात्रीनं लिहितोय.

पाइप डबल वायरचे घेतले, म्हणजे रबरात तारेच्या जाळीचे दोन थर असलेले; छापील प्रकार २एसएन. अर्धा इंचीला २७५ बार वर्किंग प्रेशर मिळतं. त्याच मापाच्या सिंगल वायरला १६० बार. दुकानात टांगलेले दोन्ही जवळपास सारखेच दिसतात, तेव्हा पाइपवर छापलेली ओळ वाचूनच घ्या. माप, प्रकार, तयार झाल्याची तिमाही आणि साल, सगळं तिथं असतं. बसवतानाही हीच ओळ बघायची. ती सरळ हवी. पीळ दिसला तर नट ढिला करून पाइप परत बसवा. ताणून तर अजिबात बसवू नका, कारण प्रेशर आलं की पाइप आखडतो आणि सगळा जोर फेरूलवर, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीवर येतो.

आजवर एकही फेरूल पाझरलेलं नाही. पण जास्त श्रेय मी पाइपवर गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या स्पायरल गार्डला देईन. बूमच्या पिनेपाशी पाइप लोखंडाला घासतात, तिथला गार्ड काढून बघितला. प्लॅस्टिक निम्मं झिजलंय, खालचं रबर मात्र जसंच्या तसं. जुन्या पाइपचं याच जागी रबर जाऊन गंजलेली जाळी उघडी पडली होती. जाळी दिसली की पाइप बदलायचाच, वर टेप गुंडाळून चालवायचा नाही. गार्डमध्ये चिखल मात्र साचतो. मशीन धुताना तिथं पाणी जोरात मारावं लागतं.

सील पॉलियुरेथेनचे आहेत. बूम आपोआप खाली बसायची, ते थांबलं. डिपर अजून हळूहळू उतरतो, पण त्याच्या जॅकमध्ये सील नवे आणि रॉड (जॅकचा आत-बाहेर होणारा दांडा) कोरडा, त्यामुळे मला संशय व्हॉल्व्हच्या स्पूलचा, म्हणजे ऑइलची वाट उघड-बंद करणाऱ्या भागाचा आहे. किटला दोष देणार नाही.

बकेटच्या जॅकनं निराशा केली. रॉडवर तेलाचा पुसट थर असला तर चालतो, इथं थेंब ओघळून धुळीचं कडं जमायला लागलंय. रॉडवर नखाला अडकेल असा ओरखडा आहे, आणि अशा रॉडवर कितीही भारी सील घातलं तरी त्याची कड कापली जातेच.

काम करताना एक गोष्ट फार कळकळीनं सांगतो. बकेट जमिनीवर टेका, इंजिन बंद करा, सगळे लिव्हर हलवून प्रेशर सोडा, मगच पाना लावा. गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातून उडालेलं ऑइल कातडीत घुसतं. वरून सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, पण तातडीनं ऑपरेशन लागू शकतं. दुखत नसलं तरी थेट मोठ्या हॉस्पिटलात जा.

पाइप आणि गार्ड मी परत हेच घेईन. बकेटचा रॉड आधी क्रोम करून आणणार, नवं सील त्यानंतरच.