दीड पिंप रक्त आणि एक वाटी कस्टर्ड

कॉलेजात असताना आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये रक्त करायचं काम माझ्याकडे असायचं. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेचे दिवस. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, आणि ते रोझ सिरपसारखं दिसू नये म्हणून चिमूटभर कोको. एका प्रयोगाला फार तर पाव लिटर. एकदा प्रयोग संपल्यावर रक्ताचा सदरा मी तसाच बोळा करून ट्रंकेत कोंबला. दुसऱ्या दिवशी ट्रंक उघडली तर मुंग्यांची वारी निघालेली. सदरा झटकून झटकून घातला, पण ज्याचा खून व्हायचा तो बिचारा शेवटची दहा मिनिटं मेल्या मेल्या खाजवत होता. परीक्षकांनी त्याच्या ‘तडफडण्याचं’ खास कौतुक केलं.

हे सांगायचं कारण, दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या ‘ब्रेनडेड’ या सिनेमाबद्दल कोणीही लिहिलं की पहिला आकडा येतो तो रक्ताचा. शेवटच्या प्रसंगात तीनशे लिटर. म्हणजे आपल्या दोनशे लिटरच्या पिंपाच्या हिशेबात दीड पिंप. आजवरचा सगळ्यात रक्तबंबाळ सिनेमा, असा शिक्का त्याच्यावर १९९२पासून बसलाय तो बसलाच. ज्यांना आवडला त्यांनीही लिटरच मोजले, ज्यांना शिसारी आली त्यांनीही लिटरच मोजले. पाण्याच्या टँकरचा हिशेब चाललाय असं वाटावं. मी रक्त केलंय, मला लिटरचं कौतुक नक्कीच आहे. पण हा सिनेमा मला विचाराल तर रक्ताचा नाही. घरातली घाण शेजाऱ्यांना कळू नये म्हणून धडपडणाऱ्या एका मुलाचा आहे.

गोष्ट न्यूझीलंडमधली, १९५७ सालच्या वेलिंग्टनमधली. सुरुवातीलाच इंग्लंडची राणी घोड्यावर बसून येते, मागे तिचं राष्ट्रगीत. गाव कसलं आहे ते तिथेच कळतं: इंग्लंडपासून हजारो मैल लांब आणि इंग्लंडपेक्षा जास्त इंग्लिश. ट्राम, टोप्या, हातमोजे. लायनेल नावाचा पंचविशीचा मुलगा टेकडीवरच्या मोठ्या घरात विधवा आईबरोबर राहतो. आई म्हणजे व्हेरा. मुलगा वाण्याच्या दुकानातल्या पाकीटा या स्पॅनिश मुलीबरोबर प्राणिसंग्रहालयात फिरायला जातो, तर ही बाई पाळत ठेवायला मागोमाग. तिथे सुमात्राहून आणलेलं एक ‘उंदीरमाकड’ तिला चावतं. ती टाचेखाली त्याचं डोकं चिरडते, पण व्हायचं ते होऊन जातं. हळूहळू आई सडायला लागते. मग मरते. मग उठते.

इथपासून सिनेमा खरा सुरू होतो, आणि इथेच समीक्षकांचे दोन तट पडतात.

आईला चावा बसून अजून फार वेळ झालेला नाही आणि महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई नवऱ्यासह जेवायला येणार आहेत. व्हेराची मंडळावर निवड झालीये, तेव्हा जेवण रद्द करण्याचा प्रश्नच नाही. गालाची कातडी सुटलीये, ती लायनेल डिंकाने परत चिकटवून देतो. वॉलपेपर चिकटवावा तसा, हाताने सपाट दाबत. टेबलावर कस्टर्ड येतं. व्हेराच्या जखमेतून पू उडतो तो थेट पाहुण्याच्या वाटीत. पाहुणा ते ढवळून आनंदाने खातो. मग व्हेराचा कान गळून तिच्याच वाटीत पडतो, आणि ती तोही चमच्यात घेऊन चावून चावून खाते. लायनेल बघतोय. अध्यक्षीणबाई बघतायत. आणि कोणी काही बोलत नाही, कारण जेवणाच्या टेबलावर कसं बोलणार!

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत आम्ही सात जणी होतो. चौघी उठून गेल्या. राहिलेल्या तिघींचं हसून पोट दुखलं. त्यानंतर कितीतरी महिने कोणाच्या वाढदिवसाला फ्रूट कस्टर्ड आलं की मी फक्त सफरचंदाच्या फोडी वेचून खायचे, त्याही उलटसुलट करून बघून.

त्या प्रसंगात रक्त जवळजवळ नाहीच. चमचाभर पू आणि एक रबरी कान. हसू येतं ते त्या टेबलावरच्या शिस्तीमुळे. ‘पाहुण्यांसमोर नको’ हे वाक्य ज्या घरात कधी ना कधी दात ओठ खाऊन बोललं गेलंय (म्हणजे आपल्याकडे कुठल्याही घरात) त्याला हा प्रसंग परका वाटणार नाही.

पुढे तळघरात मेलेल्यांची संख्या वाढत जाते. आई, मग नर्स, मग कब्रस्तानातल्या मारामारीत आणखी दोघं. त्यातला एक पाद्री, जो मरण्याआधी कराटेच्या लाथा घालत भुतांना झोडपतो. त्याचे चाहते जगभर आहेत आणि त्यांचं बरोबरच आहे. लायनेल या सगळ्यांना गुंगीची इंजेक्शनं देऊन शांत ठेवतो आणि टेबलाभोवती बसवून चमच्याने भरवतो. नर्सची मान अर्धी तुटलेली, डोकं मागे लोंबकळतंय. तो शांतपणे चमचा थेट तिच्या उघड्या घशात सोडतो. तोंडावर वैताग नाही, किळस नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वर्षानुवर्षं करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो एक बधिर सोशिकपणा येतो, तो टिमथी बामने इतका अचूक पकडलाय की मला तो माणूस भुतांच्या सिनेमातला वाटलाच नाही. एलिझाबेथ मूडीची व्हेरा तर जिवंतपणीच जास्त भीतीदायक. ‘श्यामची आई’ वाचून, बघून वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही आई पचवायला जरा वेळ लागतो. पण पचते.

आता माझी तक्रार. काही वर्षांपूर्वी मी याची डीव्हीडी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली. पाकिटावर अमेरिकेतलं नाव, ‘डेड अलाइव्ह’. तिथे त्याच सुमारास ‘ब्रेन डेड’ नावाचा दुसरा सिनेमा येऊन गेला होता, म्हणून १९९३मध्ये हा तिकडे नाव बदलून लागला. बघायला बसले आणि काहीतरी खटकायला लागलं. प्रसंग सुरू व्हायचा आणि हसू यायच्या आत संपायचा. मला वाटलं वय झालं आपलं, हॉस्टेलमध्ये कशालाही हसायचो. शेवटी पाकीट उलटून बघितलं: ८५ मिनिटं. मूळ सिनेमा १०४ मिनिटांचा. अमेरिकेत थिएटरला ९७ मिनिटांची प्रत लागली होती आणि व्हिडिओच्या दुकानांत ठेवता यावी म्हणून आणखी कापून ही ८५वाली केली होती. विक्रेत्याने जाहिरातीत ‘अनकट’ लिहिलं होतं. मेल केला, उत्तर नाही. असो.

पण त्या फसवणुकीने मला एक गोष्ट शिकवली ती कुठल्याच परीक्षणात सापडली नव्हती. रक्त कापलं की विनोद मरतो. शेवटच्या पार्टीत लायनेल गवत कापायचं मशीन छातीशी आडवं धरून भुतांच्या गर्दीत शिरतो. हा प्रसंग चालतो, चालतो आणि चालतच राहतो. आधी किंचाळायला होतं, मग हसू येतं, मग हसू ओसरून ‘बास आता’ वाटतं, आणि तरी तो थांबत नाही, तेव्हा पुन्हा हसू फुटतं. पहिल्यापेक्षा मोठं. जमीन इतकी निसरडी झालेली असते की लायनेल जिवाच्या आकांताने पळतोय आणि जागच्या जागीच आहे. हे मूकपटातल्या विनोदवीरांचं तंत्र आहे, आणि ज्या समीक्षकांनी सिनेमाला डोक्यावर घेतलं त्यांनी ते ओळखलं होतं. कापलेल्या प्रतीत हेच प्रसंग नुसते खाटकाच्या दुकानातले वाटतात. म्हणजे कापणारे किळस कमी करायला गेले आणि विनोद काढून किळस तेवढी ठेवली!

ब्रिटनच्या सेन्सॉरला हे कळलं असावं, त्यांनी एकही कट न देता सोडला. जर्मनीत मात्र पूर्ण प्रत जप्त झाली. तोच सिनेमा, तेच रक्त.

कारागिरीबद्दल लिहिल्याशिवाय माझ्यातली बॅकस्टेजवाली गप्प बसणार नाही. यात काँप्युटरची एक फ्रेम नाही. रबर, लेटेक्स, बाहुल्या, नळ्या, पंप. उंदीरमाकड स्टॉप मोशनने, म्हणजे बाहुली तसूभर हलव, फोटो काढ, पुन्हा हलव, असं करून चालवलंय. त्याच्या हालचालीत जो एक झटका आहे त्यानेच ते जास्त किळसवाणं होतं. एका गुंडाची आतडी शरीराबाहेर पडून स्वतंत्र प्राणी होतात आणि घरभर सरपटतात. वाटेत आरसा दिसतो तर ती थांबून स्वतःला न्याहाळतात. आतडी! कोणीतरी टेबलाखाली आडवं पडून, हात वर करून ती नाचवली असणार, आणि त्या माणसाचं नाव परीक्षणात येत नाही हे दुःख मला माहीत आहे. या सगळ्याला बजेट अंदाजे तीस लाख डॉलर. हॉलिवूडच्या मानाने चिल्लर.

आणि त्यात बागेतला प्रसंगही बसला. पाद्री आणि नर्स या दोन भुतांना तळघरात चक्क बाळ होतं. लायनेल त्याला बाबागाडीत घालून बागेत घेऊन जातो, कारण बाळाला बागेत न्यायचं असतं. ते सुटतं, धुमाकूळ घालतं, आणि बाकांवरच्या सभ्य बायकांसमोर लायनेल त्याला धरून बदडतो. मग बायकांच्या नजरा बघून कसनुसं हसत सांगतो की मूल जरा जास्तच चळवळं आहे. मूळ चित्रीकरण झाल्यावर उरलेल्या पैशांतून नंतर केलेला हा तुकडा. कथेला त्याची गरज शून्य. मला विचाराल तर सिनेमातला सर्वोत्तम.

सगळंच गोड आहे असं नाही. सुरुवातीला उंदीरमाकड पकडलं जातं त्या बेटावरचे ‘रानटी’ लोक म्हणजे जुन्या इंग्रजी साहसपटांतून जसेच्या तसे उचललेले. जॅक्सनला त्या सिनेमांची टिंगल करायची होती हे समजतं, पण टिंगल आणि नक्कल यातलं अंतर तिथे त्याला राखता आलेलं नाही. पाकीटाला टॅरोटचे पत्ते वाचून भविष्य सांगणारी आजी आणि गोड उच्चार सोडून फारसं काही दिलेलं नाही, तरी डायाना पेन्याल्वेर जीव ओतते. वारशासाठी टपलेला नातलग फारच लांबतो. शेवटी आई राक्षसिणीएवढी होऊन पोराला पुन्हा पोटात घ्यायला निघते, हे जरा हातात फलक घेऊन सांगितल्यासारखं. आईच्या पदराला बांधलेला मुलगा, हो, कळलं, कस्टर्डमध्येच कळलं होतं.

तिकीटबारीवर अमेरिकेत याने अडीच लाख डॉलरही मिळवले नाहीत. दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट हाच, आणि फ्रान्समध्ये आव्होरियाच्या महोत्सवात पहिलं बक्षीस. अकरा-बारा वर्षांनी याच जॅक्सनच्या अंगठीच्या महाकाव्याच्या, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या, तिसऱ्या भागाला अकरा ऑस्कर मिळाले तेव्हा लोक चकित झाले. ज्यांनी आरशात बघणारी आतडी पाहिली होती ते झाले नसावेत. दोन्हींत वेलिंग्टनजवळचे तेच पुतांगिरुआचे सुळके दिसतात. इथे ते उंदीरमाकडाचं बेट आहेत.

आपल्याकडे आदित्य सरपोतदारने २०२२मध्ये ‘झोंबिवली’ केला, तेव्हा मी पहिल्या आठवड्यात गेले होते. डोंबिवलीत झोंबी, कल्पना झकास. पण आपला सिनेमा रक्ताला हात लावताना अजून जरा संकोचतो. जॅक्सनला संकोच माहीतच नाही. त्याच्या पात्रांना मात्र संकोचाशिवाय दुसरं काही माहीत नाही, आणि मजा त्या दोन्हींच्या टकरीत आहे.

पाचपैकी चार. जेवताना बघू नका. १०४ मिनिटांची प्रतच बघा, पाकिटावरचा ‘अनकट’ शब्द मानू नका, मिनिटं वाचा.

गेल्या महिन्यात भाचा आला होता म्हणून पुन्हा लावला. आई शेजारी मटार सोलत बसली होती. मी दोनदा म्हटलं की तू आत जा, तुला नाही बघवणार. ती हलली नाही. नर्सला भरवायच्या प्रसंगाला म्हणाली, ‘अरे, आधी मान धर ना तिची.’ पार्टी सुरू झाली, पडदा लाल झाला, तेव्हा मटारचं पातेलं उचलून उठली. लायनेल लादी पुसतो त्या ठिकाणी एवढंच म्हणाली होती की गार पाण्याने पूस, गरम पाण्याने डाग बसतो. हे खरं आहे, नाटकातल्या रक्तालासुद्धा.

सकाळी चहा गाळताना तिने विचारलं, ‘त्या मुलाचं काय झालं गं शेवटी? मिळाली का ती दुकानवाली?’

‘मिळाली,’ म्हटलं. ‘पण घर जळलं सगळं.’

आईने गाळणं झटकलं. ‘विमा होता का?’